स्मरणातून उभी राहिलेली पोथी

इ. स. १२७४ च्या सुमारास चक्रधरस्वामींनी उत्तरापथे प्रयाण केले आणि शिष्यपरिवार विदर्भातील रिद्धपूरला, श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निध आला. महानुभावांच्या दृष्टीने स्वामी साक्षात परमेश्वरावतार. त्यांच्या वियोगात स्मरण हीच साधना उरली. नागदेवाचार्य लीळांचे मनन करीत. ते पाहून म्हाइंभटांना 'लीळाचरित्र' सुचले. ज्याच्या समक्ष जी लीळा घडली, त्याच्याच तोंडून ती ऐकावी म्हणून ते गावोगाव हिंडले.

पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभी, यादवसत्तेच्या पडझडीत, मूळ पोथी नाहीशी झाली. पंथीयांनी ती स्मरणावरून पुन्हा सिद्ध केली. त्यांतील एक प्रमुख पाठ हिराइसेचा. एका स्त्रीची स्मरणशक्ती येथे ग्रंथाचा आधार ठरते! (केसोबासांनी संस्कृतात लिहिले तर आपल्या म्हाताऱ्या बायका वंचित होतील, ही नागदेवाचार्यांची काळजी 'स्मृतिस्थळा'त नोंदलेली आहे. ती अनाठायी नव्हती.)

आठवणी जुळल्या नाहीत तेथे त्या पुसल्या गेल्या नाहीत; सांगणाऱ्याच्या नावासह राहिल्या. पंथात त्यांना 'वासना' म्हणतात. आपण त्यांना पाठभेद म्हणून तळटीपेत ढकलतो. माझ्या मते त्या साक्षी होत. नंतर या पोथ्या सकळ लिपीत गेल्या आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत पंथाबाहेरच्या अभ्यासकांना अवाच्य राहिल्या.