मोडीचे वळण

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या माळ्यावरून दरसाल एक रुमाल खाली येई. रुमाल म्हणजे जुने कागद फडक्यात बांधून ठेवलेले दप्तर. धूळ झटकली की तो पुन्हा वर जाई. कारण आतली मोडी आजोबांमागे घरात कोणालाच वाचता येत नव्हती. नदीकाठचे शेत भाऊबंदांनी लुबाडले आणि त्याचा पुरावा त्या रुमालात आहे, एवढे मात्र सर्वांना ठाऊक होते. त्या शेतापायी दोन पिढ्या एकमेकांच्या घरी फराळाला गेल्या नव्हत्या.

मोडी ही घाईची लिपी. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली, होईल तोवर बोरू न उचलता, अक्षरे गुंफीत जायचे. ऱ्हस्वदीर्घाचा विधिनिषेध नाही, शब्दाशब्दांत अंतर नाही. यादवांचा मंत्री हेमाद्री याने ती प्रचारात आणली, अशी परंपरा आहे. शिवकाळात आणि पेशवाईत दौलतीचा सारा कारभार तिच्यातच चाले. छपाईला मात्र बाळबोधीची सुटी अक्षरे सोयीची पडली. पुढे विसाव्या शतकाच्या मध्याला शाळांतूनही मोडी गेली.

यात मुलांचे काही वाईट झाले, असे मी म्हणणार नाही. एका भाषेसाठी दोन लिप्यांचे ओझे कशाला? पण लिहिणारा हात थांबला की वाचणारा डोळाही पिढी-दोन पिढ्यांत निवतो, याचा विचार कोणी फारसा केला नाही. १८९८ साली राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हा मोडी वाचणारा माणूस शोधावा लागत नसे. पुढे सरदेसायांच्या देखरेखीखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. निवडक म्हटले, यातच सर्व आले. बाकीचे रुमाल वाचकांची वाट पाहत आहेत. २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली, हे चांगलेच झाले. परंतु संगणकाला अक्षर ठाऊक असणे निराळे आणि एखाद्या कारकुनाच्या हाताचे वळण ओळखणे निराळे.

निवृत्तीनंतर मी मोडीच्या वर्गात जाऊन बसलो. रोज दोन पाने गिरवली. हात वळला, तेव्हा कुठे डोळा वळला. मग रुमाल सोडला. तो ‘पुरावा’ म्हणजे शके १८१८ च्या माघातल्या खरेदीखताची नक्कल निघाली. ते दुष्काळाचे साल. घरात दाणा नाही, गुरांना वैरण नाही, म्हणून पणजोबांनी आपण होऊन, रोख रुपये मोजून घेऊन, शेत चुलतभावाला विकले होते. लुबाडणूक नव्हतीच, उलट अडल्या वेळी भाऊच उपयोगी पडला होता.

प्रत्येक मुलाला मोडी यावी, असा माझा आग्रह नाही. पण प्रत्येक गावात निदान एकाला तरी ती यावी.

त्या दिवाळीत मी नक्कल खिशात घातली, करंज्यांचा डबा घेतला आणि भाऊबंदांच्या घरी गेलो.