मुक्कामाची वही

गेल्या आषाढात एका मित्राला मी सांगितले, की वेरूळपासून पैठणमार्गे पंढरपूरपर्यंत एकदा पायी जायचे आहे. वारीच्या गर्दीत नव्हे, थंडीत, एकट्याने. मित्र निवृत्त शिक्षक, वारकऱ्याच्या घरातला. त्याने माझ्या गुडघ्यांची चौकशी केली नाही, वयाचीही नाही. एवढेच विचारले, "झोपायचं कुठं?"

मी हसून वेळ मारून नेली. पण घरी येऊन नकाशा पसरला आणि लक्षात आले, की वाट सापडते, रात्र सापडत नाही. देहू-आळंदीच्या पालख्यांचे मुक्काम शाळकरी पोरालाही पाठ असतात. नाथांची पालखी पैठणहून निघते, अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालते, रायमोहा, पाटोदा, दिघोळ, खर्डा, परंडा, कुर्डू, अरण, करकंब अशी गावे घेत पंढरीला पोचते. ती जुनी आणि मानाची, तरी तिची वाट बाहेर फारशी कोणाला माहीत नसते. पालखी असते तेव्हा गावोगाव मांडव पडतात, पंगती उठतात. पालखी गेली की ही गावे पुन्हा साधी गावे होतात आणि खांद्यावर पिशवी घेऊन आलेल्या माणसाकडे कोण, कुठला म्हणून बघू लागतात.

मग मी उलटे शोधायला लागलो. पूर्वी या वाटेने गेलेली माणसे रात्री कुठे पडत होती? इतिहासाच्या पुस्तकांत फौजांचे तळ सापडतात. याच टापूत राक्षसभुवनला १७६३ साली माधवराव पेशवे आणि निजाम भिडले, खर्ड्याला १७९५ साली मराठे आणि निजाम. कोणाची छावणी कुठे होती, तोफा कुठे होत्या, सगळे लिहून ठेवलेले आहे. पण त्याच रस्त्याने पंढरीला निघालेल्या म्हातारीने त्या साली कोणाच्या ओसरीवर पाठ टेकली, हे कोणी लिहिले?

एका पंथाने मात्र लिहिले. महानुभावांनी. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी महाराष्ट्रभर पायी हिंडले. ते मूळचे गुजरातचे, भडोचचे. आपली भाषा मागे ठेवून ते मराठीत बोलले, मराठीत शिकवले. माझ्या घरची बोली दखनी आहे आणि मी कविता मराठीत लिहितो, म्हणून की काय, मला या माणसाविषयी पहिल्यापासून ओढ आहे. त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी गोळा केल्या, त्याही एका जागी बसून नव्हे. ज्याने स्वामींना पाहिले त्याच्या गावी जायचे, विचारायचे, पडताळायचे. त्यातून लीळाचरित्र झाले. पुढे त्याच परंपरेत स्थानपोथी तयार झाली. डॉ. वि. भि. कोलते यांनी ती संपादित केली म्हणून माझ्यासारख्या साध्या बी.ए. माणसाला वाचायला मिळाली.

स्थानपोथी हे विलक्षण पुस्तक आहे. त्यात उपदेश नाही, चमत्कार नाहीत. स्वामी या गावी आले, गावाच्या अमुक दिशेला देऊळ, देवळाचे तोंड अमुक दिशेला, त्याच्या अमुक कोपऱ्यात ते बसले. नुसते बसले असतील तर ते 'आसन', एक रात्र राहिले असतील तर 'वसति', अधिक दिवस राहिले तर 'अवस्थान'. लघुशंकेला कुठे गेले तीही जागा नोंदलेली आहे. सुशिक्षित वाचकाला याचे हसू येईल. मला आले नाही. ज्याला अनोळखी गावात रात्र काढायची आहे त्याला देवळाची महती नको असते, पडवी कुठे आहे आणि आडोसा कुठे आहे हे हवे असते. महानुभावांनी पुढे या जागांवर ओटे बांधले आणि त्या ओट्यांना ते नमस्कार करू लागले. बसण्या-झोपण्याच्या जागेला नमस्कार करणारा पंथ मला दुसरा माहीत नाही.

त्या नोंदींतून यादवकाळची मुक्कामाची सोय दिसू लागते. देवळाची पडवी, मढ, गुंफा, कधी झाड. पैठणला भोगनारायणाच्या देवळात स्वामींचे अवस्थान होते. वेरूळला ते दहा महिने राहिले. आणि शिष्यांना मात्र त्यांनी सांगितले ते अगदी उलट: हिंडत राहा, ओळखीच्या ठिकाणी गुंतू नका, भिक्षा मागून खा, झाडाखाली आयुष्य काढा. म्हणजे सोय नसणे ही त्यांच्या लेखी अडचण नव्हतीच, तीच शिस्त होती. माझी तेवढी तयारी नाही. डॉक्टरांनी मला गारठ्यात झोपायची मनाई केली आहे.

मुक्कामाच्या नियोजनात सगळ्यांत हुशार म्हणावे ते दत्तात्रेयांना. काशीला स्नान, कोल्हापुरात भिक्षा, पांचाळेश्वरला भोजन आणि माहूरला निद्रा, असा त्यांचा रोजचा क्रम श्रद्धाळू सांगतात. यातले पांचाळेश्वर गोदाकाठी आहे, बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात. महानुभाव त्याला आत्मतीर्थ म्हणतात. माझ्या वाटेपासून थोडे बाजूला पडते, पण पैठणहून नदीच्या अंगाने तिथे जायचे मी ठरवून टाकले आहे. निदान दुपारच्या जेवणाला तरी.

वेरूळ ते पैठण या टप्प्यात दुसरी एक परंपरा भेटते. ती माझ्या घराच्या अधिक जवळची. महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा दिल्लीचे सूफी इकडे आले. बुऱ्हाणुद्दीन गरीब त्यांतले. त्यांची कबर खुलताबादला आहे. सूफींच्या खानकाहमध्ये येणाऱ्याला जेवण आणि जागा मिळे. याचा सगळ्यांत चांगला नमुना मात्र पुढच्या काळातला आहे आणि तो आज सहलीचे ठिकाण झाला आहे. औरंगाबादची, म्हणजे २०२३ पासूनच्या छत्रपती संभाजीनगरची, पाणचक्की. शाळेच्या सहली तिथे येतात, पोरे हौदातले मासे बघतात, फोटो काढतात आणि जातात. ती चक्की कोणासाठी दळत होती हे फार थोडे विचारतात.

तिथे बाबा शाह मुसाफिर यांचा तकिया होता. नावच मुसाफिर. ते बुखाऱ्याकडून आले आणि १७१४ साली इथेच वारले. मध्य आशियातून हजला निघालेली माणसे, नोकरी शोधणारे शिपाई, फकीर, सगळे या तकियात उतरत. त्यांना जेवण लागे, जेवणाला पीठ लागे, म्हणून डोंगराकडून मातीच्या नळांतून कित्येक किलोमीटर पाणी आणून चक्की फिरवली गेली. या तकियाच्या आठवणी फारसीत लिहून ठेवलेल्या आहेत आणि सायमन डिग्बी या अभ्यासकाने २००१ साली त्या इंग्रजीत आणल्या. त्यात कोण आला, कसा आला, कशावरून भांडला, काय घेऊन गेला, असे बारीकसारीक सगळे आहे. वाचताना मला स्थानपोथीच आठवत राहिली. दोन्ही पंथांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण दोघांनाही वाटसरूची नोंद ठेवावीशी वाटली.

दौलताबादच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामी किल्लेदार होते आणि लहानगा एकनाथ पैठणहून त्यांच्याकडे गेला, ही कथा आपण सारेच ऐकून आहोत. जनार्दनस्वामींचे गुरू चांद बोधले हे सूफी होते, असे रा. चिं. ढेरे यांच्यासारख्या संशोधकांनी मांडले आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद, ज्यांचा योगसंग्राम १६४५ सालचा, तेही त्याच गुरूचे. हे सगळे मोठे आहे, त्यावर पुस्तके आहेत. मी मात्र नकाशावर दौलताबाद ते पैठण हे अंतर मोजत बसलो. साठेक किलोमीटर. पोराच्या पायाला दोन दिवस तरी लागले असणार. मधली रात्र त्याला कोणी घरात घेतले?

आता माझ्या वहीविषयी सांगतो. माझे आजोबा बांगड्या विकत. डोक्यावर पेटी घेऊन गेवराई, शिरूर, पाटोदा या बाजूला गावोगाव फिरायचे, फाल्गुनात नाथषष्ठीला पैठणची जत्रा करायचे. त्यांना लिहिता येत नव्हते. वडील तेव्हा दहा-अकरा वर्षांचे, निजामाच्या राज्यातल्या उर्दू शाळेत जाणारे. आजोबा घरी आले की सांगायचे आणि वडील लिहून घ्यायचे. गावाचे नाव, कोणाकडे किती उधारी, आणि रात्र कुठे काढली. लिपी उर्दू, गावांची नावे मराठी, हिशेब आण्यांत. मारुतीचा पार, पाटलाची ओसरी, कासाराचे दुकान, विठोबाच्या देवळाची ओवरी. मशीद फार थोड्या ठिकाणी, कारण त्या बाजूला बहुतेक गावांत मुसलमानांची दोन-चार घरेच. एका देवळापुढे वडिलांनी लिहिले आहे: 'पुजारी पहाटे पाणी देतो.' वजूसाठी, हे लिहायची त्यांना गरज वाटली नाही.

या वहीत १९४८ च्या सप्टेंबरपासून पुढे दीड वर्ष काही नाही. पाने कोरी सोडलेली नाहीत, तारीखच एकदम पुढे जाते. हैदराबादचे राज्य संपले ते दिवस. आधी रझाकारांनी गावांत काय केले ते आजोबांनी पाहिले होते, नंतर मुसलमान वस्त्यांवर काय ओढवले तेही. दीड वर्षानंतरची पहिली नोंद त्याच देवळाची आहे. पुजारी पाणी देतो, हे मात्र पुन्हा लिहिलेले नाही. दिले नाही म्हणून, की लिहायचे राहिले म्हणून, हे विचारायला आज वडीलही नाहीत.

तर ती वही समोर ठेवून मी गेल्या दोन महिन्यांत फोन केले. अठरा रात्रींची सोय पाहायची होती. शाळेत बाहेरच्या माणसाला झोपू देत नाहीत, तो नियम रास्तच आहे. देवळांच्या सभामंडपांना आता लोखंडी जाळी बसली आहे, दानपेट्या फुटतात म्हणून रात्री कुलूप पडते. पाटोदा, परंड्यासारख्या तालुक्याच्या गावी लॉज आहेत. मधल्या गावांचा प्रश्न. त्यात मी निवडलेला हंगाम चुकीचा. दिवाळीनंतर बीडच्या या डोंगरपट्ट्यातली तरणी माणसे ऊसतोडीला कारखान्यांवर जातात, घरांना कुलपे असतात, मागे म्हातारी माणसे आणि काही पोरे. ज्यांच्या ओसरीची मी आशा धरली होती ती माणसेच त्या दिवसांत कोपीत राहतात. हे मला आधी सुचायला हवे होते.

आणि फोनवर नाव सांगितले की कधी कधी पलीकडे थोडे थांबल्यासारखे होते. नेहमी नाही. एका गावी म्हणाले, "आधारची झेरॉक्स पाठवा." एका ठिकाणी म्हातारे गृहस्थ म्हणाले, "मनेराचा नातू का तू? मग विचारतोस काय, ये की." मी बराच वेळ फोन हातात धरून बसलो. आजोबा जाऊन पन्नास वर्षे होत आली.

मित्राने सुचवले, "राहिलेले फोन मी करतो. एक वारकरी येतोय एवढंच सांगतो." मी हो म्हणालो. दोन गावांत त्याने सोय करून दिली. रात्री मला झोप लागेना. वडिलांनी त्या वहीत आपल्या बापाचे नाव पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिले आहे. सकाळी मी दोन्ही गावांना पुन्हा फोन करून नाव सांगितले. मित्र रागावला, "तुला झोपायचंय का भांडायचंय?" पहिल्या गावचे गृहस्थ जरा थांबले आणि म्हणाले, "आमच्याकडं जेवण माळकऱ्याचं असतं बरं का. कांदा-लसूणसुद्धा नाही. चालंल का?" मी म्हणालो, चालेल. दुसऱ्या गावचा फोन नंतर उचलला गेला नाही.

वहीत सतरा रात्री भरल्या आहेत. एकीपुढे नुसते गावाचे नाव आहे. नकाशात त्या गावाबाहेर ओढा दिसतो, कडेला झाडे असतील. मार्गशीर्षात निघतो आहे. सतरंजी न्यायची की घोंगडी, यावर घरात अजून वाद चालू आहे. मित्र म्हणतो, घोंगडी ने, आणि पहिल्या तीन दिवसांसाठी मलाही.