फवारणी विषबाधा, यवतमाळ (२०१७) : वृत्तांकन

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली. वीसेक जण दगावले. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात रुग्ण पावसाळ्यातच येऊ लागले होते, पण राज्यभर बोभाटा झाला तो ऑक्टोबरच्या सुमारास. सुरुवातीच्या बऱ्याच बातम्यांचा सूर ‘मास्क-हातमोजे घातले नाहीत’ असा, म्हणजे दोष मजुरालाच देणारा होता. प्रत्यक्ष शिवारात गेलेल्या बातमीदारांनी पुढचे दाखवले : डोक्याइतकी वाढलेली कपाशी, दुकानदाराच्या सल्ल्याने एकत्र केलेली औषधे, अंगावर भिजलेला सदरा. विष फक्त पोटातून भिनते, हा समज घातक. ते कातडीतून आणि श्वासातूनही शिरते. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग (लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा) ही खरी कामाची माहिती. ती पहिल्या पानावर, आणि पेरणीआधी, यायला हवी होती. शासनाने विशेष तपास पथक नेमले. सप्टेंबर २०२० मध्ये ५१ बाधित कुटुंबांच्या वतीने कीटकनाशक बनवणाऱ्या सिंजेंटा कंपनीविरुद्ध स्वित्झर्लंडमध्ये तक्रार दाखल झाली. कंपनीने जबाबदारी नाकारली.