दिनविशेष : २३ मार्च १८७५ – तळ लागला!

पश्चिम प्रशांत महासागरात, मारियाना बेटांच्या नैर्ऋत्येला, ब्रिटिश जहाज ‘चॅलेंजर’ने या दिवशी वजनं बांधलेला तागाचा दोर पाण्यात सोडला. दोर सुटतच राहिला. आकड्यावर विश्वास बसेना म्हणून माप पुन्हा घेतलं : ४,४७५ वाव, म्हणजे सुमारे ८,१८४ मीटर. दाबाने काही तापमापक फुटले. दोराच्या टोकाला लावलेल्या नळीत मात्र तळाचा चिखल आला आणि त्यात रेडिओलेरिया या सूक्ष्म जीवांचे सांगाडे निघाले.

या युद्धनौकेच्या बहुतेक तोफा काढून तिथे प्रयोगशाळा थाटल्या होत्या. डिसेंबर १८७२ मध्ये निघालेल्या मोहिमेचे शास्त्रीय प्रमुख वायव्हिल थॉमसन, तर सुरुवातीचे कप्तान जॉर्ज नेअर्स. नवा जीव जाळ्यात आला की शास्त्रज्ञ हरखत. दोर ओढायचा खलाशांनी! तासन्‌तास तेच काम, पुढे पुन्हा तेच. सुरुवातीचं कुतूहल ओसरलं आणि कित्येक जण बंदर लागताच पसार झाले. त्यांना दोष तरी कसा द्यावा? तरुण जर्मन प्राणिशास्त्रज्ञ फॉन विलेमोस-झूम तर १८७५ मध्ये वाटेतच वारला.

मे १८७६ मध्ये जहाज परतलं. अहवालाचे ५० खंड पुरे व्हायला १८९५ उजाडलं. खोल समुद्रतळावरचे मँगनीजचे गोळे जगाला प्रथम दाखवले ते याच मोहिमेने. हिंदी महासागरातून असे गोळे भारताने पहिल्यांदा वर काढले २६ जानेवारी १९८१ रोजी, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजावरून.