सॅव्हॉयची उमेदवारी : लिंडी हॉपच्या जडणघडणीचा एक अध्याय

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात आफ्रिकी-अमेरिकी तरुणांनी घडवलेला लिंडी हॉप हा जोडीने करायचा नाच पुढे जगभर पसरलेल्या स्विंग नृत्यप्रकारांचा प्रमुख स्रोत ठरला. त्याच्या उगमाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे; परंतु प्राथमिक पावले जमल्यानंतर नर्तक पुढे कसा घडत असे, हा प्रश्न त्याहून मोलाचा आहे, कारण हा नाच वर्गात बसवला जात नसे आणि तरीही दहाएक वर्षांत त्याने विलक्षण उंची गाठली.

या प्रगतीची पहिली व्यवस्था नृत्यगृहांच्या उतरंडीत होती. लिंडी हॉप नर्तक फ्रँकी मॅनिंग (१९१४–२००९) यांच्या आत्मकथनानुसार नवशिके अल्हाम्ब्रा नृत्यगृहात जात, थोडा हात बसलेले रेनेसान्समध्ये आणि स्वतःविषयी खात्री असलेले सॅव्हॉयमध्ये. मॅनिंग यांना त्यांच्या आईने लहानपणीच ‘अंग ताठ आहे’ असे सुनावले होते आणि त्यानंतर त्यांनी घरात केरसुणीला जोडीदार करून सराव केला, ही नोंद महत्त्वाची आहे. जन्मजात लयीची कल्पना या नर्तकांच्या कष्टांवर अन्याय करते.

१२ मार्च १९२६ रोजी लेनॉक्स अव्हेन्यूवर उघडलेल्या सॅव्हॉयमध्ये कृष्णवर्णीय आणि गौरवर्णीय एकाच जमिनीवर नाचू शकत, ही त्या काळच्या अमेरिकेत दुर्मीळ गोष्ट होती. तेथे वाद्यवृंदांसाठी दोन मंच असल्यामुळे संगीत क्वचितच थांबे आणि चिक वेब यांच्यासारख्या ड्रमवादकाच्या वृंदासमोर रोज नाचणाऱ्याचा कान आपोआप तयार होई. उत्तम नर्तक सभागृहाच्या एका ठरावीक कोपऱ्यात जमत. तेथे पाऊल टाकायचे तर जाणकारांच्या नजरेला उतरावे लागे. परीक्षा घेणारा कोणी नेमलेला नसताना कस लावणारी अशी ही जागा होती.

नाचाचा गाभा होता स्विंग-आउट, म्हणजे जवळ धरलेली जोडी वेगाने उलगडून एका हाताच्या अंतरावर जाते आणि त्या मोकळ्या क्षणात दोघेही आपापली पावले रचतात, ती आठ मात्रांची हालचाल. ती साधारणपणे करणे फार अवघड नाही. पुढचा प्रवास ती अधिकाधिक आपली करण्याचा असे. पहिल्या पिढीतील अग्रणी जॉर्ज ‘शॉर्टी’ स्नोडेन अंग बरेच उभे ठेवून नाचत, तर मॅनिंग यांनी कंबरेतून पुढे झुकून, पाय मागे लांबवून तीच हालचाल आडव्या रेषेत नेली, आणि तरुण नर्तकांनी ती ढब उचलली.

१९३५ मधील एका स्पर्धेचा प्रसंग या दृष्टीने सर्वांत बोलका आहे. स्नोडेन यांची उंच जोडीदारीण बिग बी त्यांना पाठीवर घेऊन मंचावरून निघून जाई आणि प्रेक्षक या करामतीला दाद देत. मॅनिंग यांना त्यात पुढची शक्यता दिसली : जोडीदारीण पाठीवरून उलटून समोर उतरावी आणि तिचे पाय नेमके तालाच्या आघातावर जमिनीला लागावेत. फ्रीडा वॉशिंग्टन यांच्यासह त्यांनी गादीवर पडत-धडपडत हे साधले आणि चिक वेब यांच्या वृंदाच्या साथीने स्नोडेन यांच्याच गटापुढे सादर केले. एअर स्टेप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उड्यांच्या परंपरेची ही सुरुवात मानली जाते. तिचे खरे मोल उंचीत नसून संगीताशी राखलेल्या इमानात आहे; पूर्वसूरींची युक्ती तशीच न उचलता तिला तालात बसवणे, हीच सॅव्हॉयची शिकवण होती.

हर्बर्ट व्हाइट यांनी बांधलेल्या लिंडी हॉप नर्तकांच्या पथकामुळे हे कौशल्य रंगमंचावर आणि १९४१ च्या ‘हेल्झापॉपिन’ चित्रपटापर्यंत पोहोचले. मात्र महायुद्धाने पथके विस्कटली, संगीताची अभिरुची बदलली, मॅनिंग टपाल खात्यात नोकरी करू लागले आणि १९५८ मध्ये सॅव्हॉय बंद झाले.

१९८० च्या दशकात अमेरिका, ब्रिटन आणि स्वीडनमधील तरुण जुन्या चित्रफिती पाहून मॅनिंग यांच्यासारख्या ज्येष्ठ नर्तकांना शोधत आले, तेव्हा शिकण्याची रीत पालटली. हालचालींचे मात्रांत तुकडे पाडले गेले आणि विद्यार्थ्यांच्या श्रेण्या ठरल्या. हार्लेमपासून दूर वाढलेल्यांना हा नाच खुला करण्यासाठी ते अपरिहार्यच होते; परंतु मोजणीत अडकलेला विद्यार्थी वृंदाकडे कान देत नाही, हा धोकाही त्यातूनच आला. स्वीडनमधील हेरँग गावच्या शिबिरात, जेथे मॅनिंग १९८९ पासून शिकवू लागले, दिवसाच्या श्रेणीनिहाय वर्गांना रात्रीच्या खुल्या नाचाची जोड असते आणि तेथे नवखे व मुरलेले पुन्हा एकाच जमिनीवर उतरतात.