माढ्याच्या एका घरांतील चाकू

ज्युबिलीच्या निमित्तानें धर्मग्रामांतील जुन्या वस्तूंचें एक लहानसें प्रदर्शन मांडावें असें ठरलें, तेव्हां आम्हीं मिस्साच्या शेवटीं विनंती केली होती कीं, ज्यांच्या घरीं वाडवडिलांची कांहीं चीजवस्तु असेल त्यांनीं ती आणून दाखवावी. जपमाळा आल्या, प्रार्थनेचीं पुस्तकें आलीं, लग्नाच्या जुन्या तसबिरी आल्या. आणि सर्वांच्या शेवटीं माढ्यांतील एक आजीबाई लुगड्याच्या फडक्यांत गुंडाळलेला घडीचा चाकू घेऊन आल्या. "पहिल्या पाद्र्यांचा चाकू, अशी पाटी लिहा, फादर," असें सांगून त्यांनीं तो आमच्या हातीं दिला. त्या पाटीपायीं आम्हांस जो खटाटोप करावा लागला, त्याची ही हकीकत आहे.

घरांतील कथा अशी. आगगाडी आली त्या सालीं एक गोरे पाद्री सोलापुराकडे जात असतां वाटेंत उतरले, आजीबाईंच्या आजेसासऱ्यांच्या झोंपडींत भाकरी जेवले, आणि निघतांना आठवण म्हणून हा चाकू देऊन गेले. पुरावा म्हणून पात्याच्या बुडाशीं असलेल्या खुणांकडे बोट दाखविण्यांत येत असे. तेथें एक मुकुट असून त्याच्या दोन बाजूंस व्ही आणि आर हीं इंग्रजी अक्षरें आहेत. जवळच एक तारा व एक क्रूस. फार वर्षांपूर्वीं मिशनच्या एका मास्तरांनीं यांचा अर्थ लावून दिला होता. अक्षरें म्हणजे 'व्हिर्गो रेजिना', कुमारी राणी, अर्थात् मुकुटधारी पवित्र मरीया. तारा म्हणजे तिचेंच 'समुद्राचा तारा' हें नांव. क्रूसाविषयीं तर सांगावयासच नको. मास्तरांचें लॅटिन निर्दोष होतें, हें आम्हांस कबूल केलें पाहिजे. सालहि त्यांनींच काढलें होतें. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ १८६० सालीं माढ्यावरून सोलापुरास पोंचले. सबब चाकू १८६० चा. शेजाऱ्यांचें मत मात्र निराळें पडलें. माढ्यांत कोठेंहि जुनें लोखंड निघालें कीं तें राव रंभा निंबाळकरांच्या किल्ल्यांतलें, असा येथील रिवाजच आहे.

निंबाळकरांचा प्रश्न लवकर सुटला. राव रंभांचा काळ अठराव्या शतकाच्या पूर्वार्धाचा. त्या वेळच्या आपल्याकडील कट्यारी, बिचवे व खंजीर यांचीं पातीं मुठींत पक्कीं बसविलेलीं असत. पाठीच्या कमानीच्या जोरावर उघडणारा व मिटणारा हा चाकू त्या जातीचाच नव्हे. परंतु पाद्र्यांची कथा अशी सहज बाजूस सारतां येण्यासारखी नव्हती. खुणा खरोखरच होत्या, आणि आम्हीं त्या डोळ्यांनीं पाहिल्या होत्या.

त्यांच्याखालीं गंजाचा एक जाड थर होता व त्यांत आणखी अक्षरें दडलीं असावींत असा संशय आला. म्हणून तेथें शिलाईयंत्राचें तेल सोडून चाकू आठ दिवस तसाच ठेवला, आणि नंतर मऊ झालेला गंज बांबूच्या काडीनें, भिंगांतून पाहात, थोडा थोडा सारला. लोखंडी टोंच्या वापरला असता तर गंजाबरोबर अक्षरेंहि गेलीं असतीं. हळूहळू इंग्रजी ओळी वाचतां येऊं लागल्या. त्यांचा मराठी अर्थ असा: जोसेफ रॉजर्स आणि पुत्र, महाराणींचे सुरीकार, क्रमांक ६, नॉरफोक स्ट्रीट, शेफील्ड, इंग्लंड.

व्ही. आर. म्हणजे व्हिक्टोरिया रेजिना. लॅटिन तेंच, राणी निराळी. तारा आणि क्रूस ही त्या कारखान्याची व्यापारी निशाणी. शेफील्ड येथें सुरीकारांची एक पंचायत १६२४ सालीं कायद्यानें स्थापन झाली. प्रत्येक उस्तादाला आपली खूण तिच्या दप्तरीं नोंदवावी लागे, व तारा आणि माल्टी क्रूस ही जोडी अठराव्या शतकांत रॉजर्स घराण्याकडे आली. पोर्तुगीजादि लोकांमार्फत आलेल्या यूरोपीय पात्यांच्या ज्या तलवारी मराठ्यांच्या सैन्यांत 'फिरंग' म्हणून नांवाजलेल्या होत्या, त्यांतील कित्येकींवरहि क्रूस मिरविणारा गोल, धांवता लांडगा अशीं चिन्हें असत. तीं कारागिरांचीं, त्यांत उपासनेचा भाग नाहीं. आपल्या संत बार्थोलोम्यूच्या चित्रांत सुरी असते ती त्याच्या हौतात्म्याची साक्ष म्हणून. सुरीवरचा क्रूस मात्र बहुधा लोहाराचा असतो.

हा माल अस्सल कीं नकली, तेंहि पाहणें जरूर होतें, कारण रॉजर्सच्या नांवाची नक्कल फार होत असे. पुष्कळ नकली पात्यांवर तें नांव इंग्रजींत 'डी' गाळून लिहिलेलें सांपडतें. उच्चार तोच राहतो व गिऱ्हाईक फसतें. असल्या लबाडीस आळा घालण्यासाठींच हिंदुस्थानांत १८८९ सालीं व्यापारी मालावरील चिन्हांचा कायदा झाला. आमच्या चाकूवर 'डी' जागेवर आहे. आणखी एक गोष्ट. मुठीची एक बाजू सांबरशिंगाची आहे. शेफील्डचे कारखानदार मुठींसाठीं सांबराचीं शिंगें हिंदुस्थानांतून जहाजें भरून नेत; म्हणजे जें शिंग आमच्याच एखाद्या रानांत गळून पडलें, तें समुद्रापार जाऊन, पोलादाला जडून, पुन्हा इकडे आलें. दुसऱ्या बाजूची पट्टी केव्हां तरी फुटली असावी. तेथें बाभळीचें लांकूड पितळी खिळ्यांनीं बसविलेलें आहे, आणि तें काम शेफील्डचें खास नव्हे. एखाद्या घिसाड्यानें अगर सुतारानें भरबाजारांत बसून केलेलें तें काम आम्हांस तर शिंगापेक्षां अधिक आवडलें.

आतां काल. व्हिक्टोरिया राणी १८३७ सालीं गादीवर आली व १९०१ च्या जानेवारींत मरण पावली. पण 'इंग्लंड' हा शब्द आपणांस आणखी जवळ आणतो. अमेरिकेनें १८९० सालीं जकातीचा नवा कायदा करून परदेशी मालावर देशाचें नांव घालणें सक्तीचें केलें. तो नियम १८९१ पासून अमलांत आला, आणि तेव्हांपासून शेफील्डच्या मालावर देशाचें नांव सर्रास दिसूं लागलें. तेव्हां आमचा चाकू १८९१ आणि १९०१ यांच्या दरम्यानचा होय. १८६० सालच्या कोणाहि पाद्र्यांच्या खिशांत तो असूं शकत नव्हता.

हें आजीबाईंस सांगावयाचें कसें? आम्हीं तीन दिवस टाळाटाळ केली, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. त्यांच्या घरीं रोज संध्याकाळीं जपमाळ संपली कीं सासूबाई त्या क्रूसावर अंगठ्यानें खोबरेल तेलाचा थेंब लावीत. त्यांच्यामागें आजीबाईंनीं तो नेम चालविला. शेवटीं सांगितलें. त्या बराच वेळ कांहींच बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "म्हणजे इतकीं वर्षें आम्हीं दुकानाच्या शिक्क्याला तेल लावलें होय?"

त्यावर आम्हीं त्यांस पातें दाखविलें. सगळ्या पात्यावर गंज चढलेला असतां नेमकें तेवढेंच स्थळ, अंगठ्याएवढें, स्वच्छ राहिलें होतें. त्या तेलानें मुकुट, तारा आणि क्रूस वाचले. ते वाचले म्हणून त्यांच्याखालीं शोध करण्याची बुद्धि आम्हांस झाली. त्या भक्तीवांचून आज ओळखण्यासारखें तेथें कांहींहि उरलें नसतें.

आजीबाई हंसल्या नाहींत, पण बोलत्या झाल्या. बोलतां बोलतां त्यांच्या तोंडून असें निघालें कीं, सासूबाई नुसतें 'गाडी आली' असें म्हणत नसत, 'छोटी गाडी आली' असें म्हणत. मास्तरांनीं लिहून घेतांना तो शब्द सोडला. आणि आजेसासरे तर कुर्डुवाडीस रूळ टाकण्याच्या कामावर होते! वाचकहो, छोटी गाडी म्हणजे बार्शी लाईट. अडीच फुटी रुळांची ती गाडी बार्शी रोडहून, म्हणजे कुर्डुवाडीहून, बार्शीपर्यंत १८९७ सालीं सुरू झाली. पुढें ती पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेली. १८९६-९७ हें सोलापूर जिल्ह्यांत दुष्काळाचेंहि वर्ष. त्या दिवसांत रुळांच्या कामानें किती घरांची चूल पेटती ठेविली असेल! पात्यावरील सालें आणि सासूबाईंचा शब्द एकमेकांशीं तंतोतंत जुळले. चूक कथेची नव्हती. कथा लिहून घेणाराची होती.

राहतां राहिले पाद्री. त्यांजविषयीं पाटीवर काय लिहावें यासाठीं आम्हांस एक मोठा दाखला डोळ्यांपुढें होता. साताऱ्यास १८१८ ते १८२२ पर्यंत रेसिडेंट असलेल्या जेम्स ग्रँट डफ यांच्या घराण्यांत एक वाघनख होतें, व तें शिवछत्रपतींचें, असें त्याच्या पेटीवर नमूद होतें. डफ यांच्या नातवानें तें लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयास दिलें, आणि २०२४ च्या जुलैंत तें साताऱ्याच्या संग्रहालयांत आलें. लंडनचे लोक पेटीवर काय लिहिलें आहे तें सांगतात, परंतु तें सिद्ध झालें आहे असें म्हणत नाहींत. ही शिस्त आम्हांस योग्य वाटते. घराण्याची सांगी आणि वस्तूची साक्ष या दोन्ही लिहाव्या, पण एका वाक्यांत कालवूं नयेत.

जातां जातां, ज्यांच्या घरीं असें कांहीं असेल त्यांस एक विनंती. प्रदर्शनाला न्यावयाचें म्हणून विटकरीची पूड, चिंच किंवा कानस घेऊन बसूं नका; सहाणेवर धार तर मुळींच लावूं नका. आमच्याकडे आलेल्या एका अडकित्त्यावरील नक्षी अशाच हौसेनें आदल्या रात्रीं नाहींशी झाली! लोखंड कोरड्या सुती कापडानें पुसावें, शिलाईयंत्राच्या तेलाचा पातळ हात द्यावा, आणि नंतर उघड्या बोटांनीं पात्यास शिवूं नये, कारण घामांतील क्षारानें गंज धरतो. खोबरेल तेल कालांतरानें खंवट व चिकट होतें. या चाकूस तें लाभलें तें रोज नवें लागत असे म्हणून. शिंगाची वा हस्तिदंताची मूठ पाण्यांत बुडवूं नये. चामड्याचें म्यान असल्यास पातें त्यांत न ठेवतां दोन्ही वेगळीं ठेवावींत. चामडें ओल धरतें, आणि आपल्या कोरड्या माढ्यांतहि श्रावण-भाद्रपद यावयाचेच. जुनी दुरुस्ती जुनी आहे, तेव्हां ती काढूं नये. बाभळीची ती पट्टी बदलून 'मूळच्यासारखी' करून देण्यास एक गृहस्थ उत्सुक होते. त्यांस आम्हीं चहा पाजून परत धाडलें. आणि वस्तु कोणाकडून कोणाकडे आली हें आज घरांतील म्हाताऱ्या माणसांकडून, त्यांच्याच शब्दांत, एकहि शब्द न गाळतां, लिहून घ्यावें.

पाटी पुढीलप्रमाणें लिहिली आहे: "घडीचा चाकू. शेफील्ड येथील जोसेफ रॉजर्स यांचे कारखान्यांत १८९१ ते १९०१ च्या दरम्यान घडविलेला. मुठीची एक बाजू सांबरशिंगाची, दुसरी बाभळीची, पुढें बसविलेली. एका पाद्र्यांनीं भाकरीच्या बदल्यांत दिला, असें घरांत सांगतात." ती वाचून आजीबाईंनीं दोन दुरुस्त्या सुचविल्या. भाकरीचा बदला कोणी मागितला नव्हता, तेव्हां 'बदल्यांत' काढावें. आणि 'छोटी गाडी आली त्या सालीं' हे शब्द घालावे. दोन्ही केल्या आहेत. प्रदर्शन संपल्यावर चाकू त्यांच्या घरीं परत जाईल, आणि सोबत शिलाईयंत्राच्या तेलाची एक बाटली.