पेडल पायाला कसं लागतं: ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या ब्रेकचा इतिहास

ब्रेक किती जोरात धरतो ही एक गोष्ट आणि पेडल पायाला कसं लागतं ही दुसरी. ब्रिटनमधल्या स्पोर्ट्स कारच्या इतिहासात पहिली सुधारली की दुसरी बिघडायची, असं पुन्हा पुन्हा घडलं. ब्रेक दमदार झाला, पण पेडल स्पंजसारखं मऊ लागू लागलं, किंवा दगडासारखं घट्ट झालं, किंवा दोनदा दाबल्याशिवाय वरच येईना. आज जुन्या गाडीला मोठे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे भाग) बसवणाऱ्या हौशी माणसाची जी तक्रार असते, ती कॉव्हेंट्री आणि बर्मिंगहॅमच्या कारखान्यांनी कित्येक दशकं आधी सोसलेली आहे.

सुरुवात घोडागाडीपासून होते. डर्बीशायरच्या डोंगराळ भागात उतारावर गाड्या आवरायला शेतकरी चाकावर घासणाऱ्या लाकडी ठोकळ्याला जुन्या बुटांचं चामडं ठोकत. हर्बर्ट फ्रूड यांनी ते पाहिलं आणि १८९७ मध्ये त्याहून टिकाऊ ब्रेक लायनिंग करण्याचा उद्योग सुरू केला. पुढे चॅपल-एन-ल-फ्रिथ इथे तो ‘फेरोडो’ या नावाने वाढला. फ्रूड या आडनावाच्याच इंग्रजी अक्षरांत एका अक्षराची भर घालून हे नाव जुळवलं होतं. १९०२ मध्ये बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. कल्पना अचूक होती, पण डिस्कवर तांबं घासायचं, त्यामुळे कर्कश किंचाळी उठे आणि कच्च्या रस्त्यांच्या धुळीत ते भराभर झिजे. डिस्क जवळजवळ पन्नास वर्षं मागे पडली, ती चुकीची होती म्हणून नव्हे, तर तिला साजेसं घर्षणाचं साहित्य तेव्हा नव्हतं म्हणून. फ्रूड यांनी अॅस्बेस्टॉसचं लायनिंग आणलं, पण त्याचा मोठा फायदा झाला तो चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमवर आतून शू दाबणाऱ्या ड्रम ब्रेकला.

त्या काळी ब्रेक दांड्यांनी किंवा तारांनी ओढला जाई. १९२३ च्या पहिल्या ल माँ शर्यतीत जॉन डफ आणि फ्रँक क्लेमेंट यांच्या बेंटलीला पुढच्या चाकांना ब्रेकच नव्हते, पुढच्या वर्षी पुढेही ब्रेक लावून त्यांनीच ती शर्यत जिंकली. तारांच्या ब्रेकमध्ये पायाला सगळं थेट कळे, पण चारही चाकांवर सारखा दाब आणणं हे कसबी हाताचं काम होतं. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकने ते काम सोपं केलं, कारण बंद नळीत दाब सगळीकडे सारखाच पोचतो. लेमिंग्टन स्पाच्या ऑटोमोटिव्ह प्रॉडक्ट्सने अमेरिकी लॉकहीड पद्धतीचे ब्रेक ब्रिटनमध्ये बनवले आणि १९३६ च्या एमजी टीए गाडीने तारा सोडून तेल घेतलं. मात्र त्या दिवसापासून पाय आणि चाक यांच्यामध्ये हवा, रबर आणि उष्णता शिरली. पेडलाच्या बहुतेक तक्रारींचं मूळ या तिघांत सापडतं.

उष्णतेने पहिला दणका दिला. १९४८ ची जॅग्वार एक्सके १२० तिच्या नावाप्रमाणे ताशी १२० मैल धावे, पण ड्रम ब्रेक चाकाच्या आत कोंडलेले होते. ड्रम तापला की फुगून लायनिंगपासून दूर सरकतो, तापलेल्या लायनिंगची पकडही सुटते, आणि पेडल खोल जाऊनही गाडी थांबत नाही. घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवणाऱ्याला हा अनुभव नवा नाही.

कॉव्हेंट्रीच्या डनलॉपने विमानांच्या चाकांसाठी डिस्क ब्रेक बनवले होते. तेच गाडीवर आणण्याच्या कामात जॅग्वारचे चाचणी चालक नॉर्मन ड्युइस यांनी १९५२ मध्ये मोठी मेहनत घेतली. त्याच वर्षी स्टर्लिंग मॉस आणि ड्युइस डिस्क लावलेली जॅग्वार सी-टाइप घेऊन इटलीतल्या मिले मिलिया शर्यतीत उतरले. गाडी बाद झाली, पण ब्रेकमुळे नव्हे, स्टिअरिंगला मार बसल्यामुळे. जूनमध्ये मॉस यांनी रीम्सची शर्यत जिंकली. १९५३ मध्ये टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांच्या सी-टाइपने ल माँ जिंकताना ताशी सरासरी १०० मैलांचा टप्पा तिथे प्रथमच ओलांडला. लांब सरळ रस्त्याच्या शेवटी इतरांच्या कितीतरी नंतर ब्रेक मारता येणं, यात त्या विजयाचा मोठा वाटा होता.

पण पेडल सहज वठणीवर आलं नाही. ड्रममधला पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच आत ओढला जातो, म्हणजे चालकाच्या जोरात आपली भर घालतो. डिस्कमध्ये ही मदत नसते, सगळा जोर पायाचा. म्हणून सी-टाइपला गिअरबॉक्सवरून चालणाऱ्या पंपाची जोड द्यावी लागली. शिवाय तेल उकळे. वाफ दाबली की चेपते, तेल चेपत नाही, म्हणून तेलात वाफ झाली की पेडल थेट खाली जातं. आणखी एक दुखणं फार फसवं होतं. वेगात वळण घेताना चाकाचा हब किंचित वाकतो, डिस्क तिरकी होते आणि पॅडला मागे ढकलते. पुढे सरळ रस्त्यावर ब्रेक मारला की पहिला दाब पॅड परत डिस्कपाशी आणण्यातच संपतो. दुसऱ्यांदा दाबल्यावर पेडल ठणठणीत. उभ्या गाडीत कितीही तपासलं तरी हा दोष दिसत नाही, म्हणून आजही मेकॅनिक फसतात. सैल चाकबेअरिंग आणि वाकडी डिस्क हेच घडवतात.

रस्त्यावरच्या गाड्यांत डिस्क भराभर आली: १९५६ मध्ये ट्रायम्फ टीआर३ ला पुढे गर्लिंग कंपनीच्या डिस्क, १९५७ मध्ये जॅग्वार एक्सके १५० ला चारही चाकांना. १९६१ च्या मिनी कूपरच्या १० इंची चाकांत जेमतेम ७ इंचांची डिस्क मावली आणि ती अपुरी पडली. १९६३ च्या कूपर एसला साडेसात इंचांची डिस्क आणि जोडीला पायाचा जोर वाढवणारा बूस्टर मिळाला. अर्ध्या इंचाचा हा फरक म्हटला तर क्षुल्लक, पण एवढ्या लहान चाकात जागा काढणं सोपं नव्हतं.

कारखान्यांनी हे केलं, मग लोकांनी घराच्या गॅरेजात सुरू केलं. १९७५ मध्ये आलेल्या ऑस्टिन प्रिन्सेसचे चार पिस्टनचे कॅलिपर भंगारात स्वस्त मिळत, ते जुन्या फोर्ड एस्कॉर्ट आणि कॅप्रीला बसवण्याची ब्रिटनमध्ये चाल पडली. मिनीला तसेच मेट्रो गाडीचे कॅलिपर लावले गेले, त्यासाठी १२ इंची चाकं घ्यावी लागत. या अदलाबदलीत पेडल बिघडतं ते साध्या हिशोबाने. मोठ्या पिस्टनला हलायला जास्त तेल लागतं, पेडलाने तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर मात्र जुनाच राहतो, म्हणून पेडल खोल जातं. मग कोणी ५/८ इंचाचा मास्टर सिलिंडर काढून ३/४ इंचाचा लावतो. त्याचं क्षेत्रफळ सुमारे ४४ टक्के जास्त, म्हणून पेडलाचा तेल ढकलण्याचा प्रवास जवळजवळ एक तृतीयांशाने घटतो, पण तितकाच दाब आणायला पायाला ४४ टक्के जास्त जोर द्यावा लागतो. बूस्टर नसलेल्या हलक्या गाडीत मग तक्रार उलटी होते: पेडल घट्ट, ब्रेक मात्र धरत नाही. एकटा कॅलिपर बदलून भागत नाही. पेडलाची लांबी, सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनचं क्षेत्रफळ एकत्र मोजायला हवं.

हिशोब बरोबर असूनही पेडल मऊ असेल तर आधी हवेचा संशय घ्यावा. हवा वर चढते, म्हणून ती बाहेर काढण्याचा ब्लीडर निपल कॅलिपरच्या सगळ्यात वरच्या टोकाला हवा. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला की निपल खाली जातो, आणि बाटलीतल्या नळीतून बुडबुडे थांबले तरी वरच्या पोकळीत हवा अडकून राहते. काही माणसं तेलाच्या दोन-दोन बाटल्या रिकाम्या करतात आणि कॅलिपरच्या बाजू पाहतच नाहीत. त्यानंतर जुने रबरी होज तपासावेत, दाबाखाली ते फुगतात; स्टीलच्या विणीचे होज या कामी खरोखर उपयोगी पडतात. तेलाकडेही पाहावं. डॉट ४ तेलाचा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओलावा शोषल्यावर त्याचा मानक किमान बिंदू १५५ वर येतो. नेहमीच्या वापरात पेडल ठीक आणि डोंगरउतारावर चार-पाच ब्रेकनंतर मऊ पडत असेल, तर दोष तेलाचा.

पॅडचा प्रश्न १९९९ नंतर वेगळा झाला. त्या वर्षी ब्रिटनने पांढऱ्या अॅस्बेस्टॉसवरही बंदी घातली, आणि फ्रूड यांच्या काळापासून चालत आलेलं साहित्य संपलं. लायनिंगचं पीठ श्वासातून घेणाऱ्या कामगारांची किंमत पाहता ही बंदी उशिराच आली. शर्यतीचे पॅड थंड असताना कमी धरतात, म्हणून बाजारात जाण्यापुरत्या चालवल्या जाणाऱ्या गाडीत ब्रेक मेल्यासारखे वाटतात. पेडल कडक असतं, गाडी मात्र सरकत राहते. नव्या पॅडचा थर डिस्कवर बसवण्यासाठी मध्यम वेगावरून अनेकदा ब्रेक मारून मध्ये थंड होऊ द्यावं लागतं, हे न केल्यास पॅड चकाकतात आणि पकड सुटते. पुढचे ब्रेक फार वाढवून मागचे जुनेच ठेवले, तर मागची चाकं आपला वाटा उचलत नाहीत आणि पुढची लवकर लॉक होतात. तेव्हा दोष पेडलाचा वाटतो, असतो मात्र पुढच्या-मागच्या तोलाचा.